बेलवलीचं अंदमान

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. कुठल्याही वस्तीची प्रगती तिला टोपणनाव मिळाल्याशिवाय सुरूच होत नाही. आमचंच बघ. बदलापूरच्या बेलवलीत एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला नाला, मध्ये आमची कॉलनी. पाऊस जास्त झाला की नदी-नाला एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि आमचं बेट होतं. (बाकी वर्षभर आम्ही साधे बदलापूरकर.)

पहिल्या मोठ्या पुरात विठाकाकू गच्चीवर अडकलेली. बहिणीचा फोन आला, कुठे आहेस? काकू म्हणाली, "अंदमानला. काळ्या पाण्याची शिक्षा झालीय." बास. तेव्हापासून आम्ही अंदमान.

मग उद्योग आले ना. अंदमान वडापाव. अंदमान ब्युटी पार्लर, तिथे किर्तीताई नदीच्या गाळाचं फेशियल करते (गाळ घरपोच येतो). अंदमान क्लासेस, पालकांचा भयंकर विश्वास, कारण मुलं पळून जाणार कुठे? उल्हासनगरच्या चंदरभाईने इथे दुकान टाकून नारळाच्या झाडाचे टी-शर्ट काढले. आमच्याकडे नारळाचं झाड नव्हतं, मग कुंडीत लावलं. आणि माझं अंदमान मोबाईल. वॉटरप्रूफ पाऊच नुसते उडतात. पूर बघायला पार अंबरनाथवरून पब्लिक येते. दहातले नऊ जण खऱ्या अंदमानला गेलेलेच नाहीत. दहावा म्हणतो, इथलं पाणी जास्त काळं आहे.

सगळं मस्त चाललेलं, तेवढ्यात नाल्यावर उंच पूल मंजूर झाला. फक्त कॉलनीची संमती हवी. म्हणून रविवारी मीटिंग.

काकूचा मुलगा कैलासदादा तळमजल्यावर राहतो. त्याची बायको, मायावहिनी, तिला सातवा महिना. बाळ येणार ऐन जुलैत. दादा म्हणाला, पूल नसेल तर ॲम्ब्युलन्स येणार कुठून?

चंदरभाई शांतपणे म्हणाला, "दादा, पूल झाला तर बेट कुठे राहिलं? फिर तो सिर्फ बेलवली है."

सगळ्यांच्या माना हलल्या. कुणी वाईट नाही हां. वहिनीची काळजी प्रत्येकाने केली. किर्तीताईने डोहाळजेवणाचा मेकअप फुकट जाहीर केला. क्लासवाले महेंद्र सर म्हणाले, पुलाऐवजी सजवलेली होडी घेऊ. एरवी पर्यटक फिरतील, वहिनी आल्या तर त्यांचा नंबर पहिला.

तेव्हा विठाकाकू उठली. "मेल्यांनो, ते अंदमानचं मी रडत बोलले होते."

मग चंदरभाई हळूच म्हणाला, "काकी, वही तो अपनी ब्रँड स्टोरी है."

मतदान झालं. पुलाच्या बाजूने जेवढे हात, तेवढेच विरोधात. राहिलो मी. दादा नुसता माझ्या हाताकडे बघत बसला.

हसू नकोस. गेल्या जुलैत कंबरभर पाण्यात उभा राहून 'फायनली अंदमान' असा फोटो तूच टाकलेलास ना? झूम करून बघ, तुझ्या मागे डोक्यावर गादी घेऊन चाललाय तो कैलासदादाच आहे. आणि फोटोवर लाइक माझाही आहे.

आता सांग, माझ्या जागी तू असतास, तर हात कधी वर केला असतास, पुलाच्या वेळी की बेटाच्या?