भैयाकाकांची भरती

भैयाकाका आयुष्यात पहिल्यांदा तंबूत राहिले ते झाशीत, ओरछा गेटजवळच्या स्वतःच्या घराच्या गच्चीवर, भर उन्हात. आत काका मांडी घालून बसलेले आणि बाहेरून सुधाकाकू तंबूवर बादलीनं पाणी ओतताहेत.

"और जोर से! लाट काय अशी लाजत येणार आहे?" आतून काका ओरडले.

शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या चाचींनी विचारलं, "काए भैयाजी, जौ का हो रओ?"

"समुद्राची तयारी," काकूंनीच उत्तर दिलं आणि दुसरी बादली उचलली.

मी त्यांची भाडेकरू. नवरा फौजेत, जवळच बबीन्याच्या छावणीत असतो. माझं माहेर कोकणात, अगदी समुद्राकाठी. मी माहेरच्या गोष्टी सांगायला लागले की काकू हातातलं काम ठेवून ऐकायच्या. साठी उलटली तरी त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. बेत ठरायचा आणि काका तो मोडायचे. कधी वादळाची बातमी, कधी गाडीचा भरवसा नाही. त्यात गेल्या थंडीत काकूंना चक्कर येऊन चार दिवस दवाखान्यात काढावे लागले, तेव्हापासून तर काका त्यांना बाजारातही एकट्या जाऊ देईनात. पण या वेळी नात पिहूनं मोबाइलवर किनाऱ्यावरचे तंबू पाहिले आणि हट्ट धरला. मुलगा आलोक माझ्या माहेरच्या गावची तिकिटं, माझ्यासकट, काढून मोकळा झाला. काकू काकांना एवढंच म्हणाल्या, "तुम्ही नाही आलात तरी मी जाणार आहे." तेव्हा काका हो म्हणाले.

"होने को काय, काहीही होऊ शकतं," हे काकांचं पालुपद. दूधवाला उशिरा आला की त्याचा अपघात झालेला असतो. गाडी पुलावर आली की काका दोन्ही पाय वर उचलून बसतात; तेवढाच पुलावरचा भार कमी! झाशीपासून कोकणापर्यंत पूल किती लागतात हे मला त्या प्रवासात कळलं. आणि या सगळ्यात तोरा काय, तर मराठीचा. "आमची मराठी पेशव्यांबरोबर आलेली. तुमची कालची, बेटा," असं मला ऐकवायचे. अंगणाला चौक म्हणायचे, नाश्त्याला न्याहारी.

समुद्र पाहिल्यावर काकांनी डोळ्यांवर हात धरून पलीकडचा काठ शोधला. मग म्हणाले, "आपल्या झाशीच्या लक्ष्मी तालापेक्षा मोठा आहे." लगेच कामाला लागले. तंबूला दोर बांधून तो सुरूच्या झाडाला आवळला. चेनला कुलूप लावून ओढून पाहिलं. तंबू सुरीनं फाडता येतो हे मी सांगणार होते, पण स्टोव्ह काढायला वळले. स्वतः पाण्यापासून लांब, सतरंजीवर बसले. काकूंना ताकीद दिली, "घोट्यापर्यंत. गुडघ्यापर्यंत नको. सरकत्या वाळूचा काय भरवसा?"

काकू हो म्हणाल्या आणि आलोक-पिहूबरोबर किनाऱ्यानं चालत कातळाच्या पलीकडे गेल्या. दिसेनाशा झाल्या. काका मान उंच करून बघत राहिले. मी मागे स्टोव्ह पेटवत होते.

तेवढ्यात माझा भाऊ वाडीतून आला. जाता जाता म्हणाला, "काका, आज मोठी भरती आहे हां. सामान वर घ्या."

काका उठून उभे राहिले. "भरती? कधी?"

"ही काय, झाली की सुरू," कातळाकडे हात करून भाऊ म्हणाला आणि पुढं गेला.

झाशीत कुणी भरती झालं म्हणजे एकच अर्थ. माणूस दवाखान्यात. आणि मोठी भरती म्हणजे मग काय! मी वळून बघते तो काका अनवाणी पळत सुटलेले. "सुधा! सुधा भरती झाली!" शहाळीवाल्याला धरून विचारताहेत, "भैया, अस्पताल कुठंय?" त्या बिचाऱ्यानं शहाळं पुढं केलं. मी हाका मारत मागे धावले, पण त्या वयात त्या वाळूत ते इतके पळतील असं मला स्वप्नातही वाटलं नसतं.

कातळापलीकडे काकू उभ्या होत्या. गुडघाभर पाण्यात, पातळ वर खोचून, पिहूचा हात धरून हसत होत्या. काका थांबले नाहीत. पायजम्यासकट सरळ पाण्यात शिरले आणि त्यांनी काकूंचं मनगट पकडलं.

"काय झालं तुला? कुठं दुखतंय?"

"मला काय होतंय?"

मी धापा टाकत पोचले. कसंबसं सांगितलं की भरती म्हणजे समुद्राचं पाणी चढतं ती. आलोकला आधी कळलं. "पापा, हाई टाइड! आप भी ना!" तो आणि पिहू पोट धरून हसायला लागले. खरं सांगते, मीही हसले.

काका हसले नाहीत. त्यांनी काकूंचं मनगट सोडलं नव्हतं.

"हस लो," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "आलोक हिंदीत बोलतो, पिहू हिंदीत बोलते. तुमची बदली होईल, बेटा, तुम्ही जाल. हिला काही झालं, तर त्या घरात मला 'अहो' म्हणणारं कोण उरेल?"

पिहूनं आजोबांचा ओला सदरा मुठीत धरला. लाट आली, काकांच्या मांड्यांपर्यंत चढली आणि ते डोळे गच्च मिटून तिथंच उभे राहिले.

काकूंनी हात सोडवून घेतला नाही. लाट परत जाऊ दिली. मग म्हणाल्या, "अहो, आलाच आहात तर अजून एक पाऊल पुढं या ना."

काकांनी डोळे उघडले आणि पाऊल टाकलं.