फोटोतली चारपदरी

बायकोच्या फोटोत गळा दागिन्याविना मोकळा दिसत होता, एवढंच टेलरबाबांना खुपलं. आयुष्यभर त्यांनी तिच्या ब्लाउजचे गळे मुद्दाम बंद शिवले होते, आणि फोटोच्या दिवशी नेमका तिने मोठ्या गळ्याचा घातलेला! आता ती गेली आणि तोच फोटो मोठा करून भिंतीवर लागणार. येणारेजाणारे काय म्हणतील?

“माळ रंगवून देतो,” फोटोवाला म्हणाला. “गळा भरलेला असला की नवरा कर्तबगार दिसतो. किती पदरी?”

“दोन... नाही, चार होऊ द्या!” फुकटच्या सोन्यात हात आखडता कशाला घ्यायचा?

फोटो भिंतीवर लागला. थोरल्या सुनेने तो पाहिला आणि रडणंच थांबवलं.

“बाबा, ही माळ आहे कुठे?”

खरं सांगावं, तर चाळीस वर्षांचा संसार उघडा पडणार. “असेल कपाटात,” बाबा पुटपुटले.

कपाट उपसलं, गाद्या उसवल्या, पिठाचे डबे पालथे झाले. माळ काही मिळेना. मग सगळ्यांच्या नजरा धाकट्या सुनेकडे वळल्या. सासूचं दोन वर्षांचं आजारपण एकटीने तिनेच काढलं होतं.

“एवढी सेवा उगाच होते का कुणाच्या हातून?” थोरली म्हणाली.

धाकटी बाबांकडे बघत राहिली. बाबांनी चष्मा पुसायला घेतला.

पुढे धाकट्या मुलानेही बायकोशी बोलणं टाकलं, तेव्हा बाबांना राहवेना. पण खरं बोलण्यापेक्षा त्यांना शिलाई मशीन विकणं सोपं वाटलं. त्यात बँकेतली पुंजी घालून कशीबशी दोनपदरी माळ आली. जिवंतपणी बायकोला न मिळालेलं सोनं ती गेल्यावर महिन्याभरात घरात आलं.

“सापडली! माझ्या जुन्या कोटाच्या अस्तरात होती!”

थोरलीने माळ फोटोजवळ धरली. “फोटोत चार पदर आहेत. उरलेले दोन कुठे गेले?”

पुन्हा सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं.

“अरे, फोटोतली माळ रंगाची आहे!” बाबा ओरडले. “मी तिला गुंजभर सोनं कधी घेतलं नाही!”

“मग ही माझ्या हातात काय आहे?” थोरली म्हणाली. “तिला पाठीशी घालायला या वयात खोटं बोलू नका, बाबा.”

धाकटीने पिशवी भरली. दारापर्यंत आलेल्या बाबांना ती हळूच म्हणाली, “सासूबाईंची मान मी रोज पुसत होते, बाबा. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल, म्हणून थांबले होते.”