हेडची पसंती

कोल्हापुरात इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, व्हॉल्व्ह पसंत पडल्याशिवाय बसवून घेत नाही, म्हणून शुक्रवारी सकाळी दहाला अकबर मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये बघण्याचा कार्यक्रम ठेवला होता.

हौसाताई चौगुले नऊलाच पोह्यांचा डबा घेऊन हजर झाल्या. वय बासष्ट, पण पाय जमिनीवर ठरत नव्हते. रविवारी जुन्या गाड्यांची पन्हाळ्यापर्यंत फेरी होती. गेल्या वर्षी त्यांची गाडी अर्ध्या घाटात बसली, आणि नणंदेच्या ट्रॅक्टरनं ती वर ओढून नेली. नणंद ट्रॅक्टरवर बसून सगळ्या वाटेनं हसत होती. यंदा काहीही करून स्वतः चढायचं होतं.

त्यांच्या गाडीचं हेड धुऊन-पुसून टेबलावर बसलं होतं. मिस्त्रींनी आठ व्हॉल्व्ह फडक्यावर मांडले.

"गोल फिरून दाखवा," हेड म्हणालं.

व्हॉल्व्ह एकेक करून फिरले. कुणाची दांडी वाकडी नव्हती.

"धुराच्या बाजूला आमच्याकडे फार ताप असतो. सोसेल?"

"सोसेल," त्या बाजूचे चौघे एका सुरात म्हणाले.

हेड खूश दिसलं. हौसाताईंनी पोह्यांच्या बशा भरल्या. हेडची बशी रिवाजाप्रमाणे मिस्त्रींनी खाल्ली.

मग स्प्रिंग आल्या. हौसाताईंनी मुद्दाम शर्यतीच्या गाडीच्या मागवल्या होत्या. नवीन घरात नाव काढतील, असं त्यांना वाटत होतं.

"या फार कडक आहेत," हेड म्हणालं. "व्हॉल्व्ह दाबून उघडणारी आमची कॅमशाफ्ट चाळीस वर्षं या घरात आहे. या वयात तिनं यांना दाबत बसायचं का?"

"पण घाट चढायचाय वो," हौसाताई कळवळून म्हणाल्या.

"चढायचाय, उडायचं नाही. साध्या दाखवा."

मिस्त्रींनी साध्या दाखवल्या. कॅमशाफ्टनं एकदा हात फिरवून होकार दिला. हौसाताईंनी आनंदानं टाळीच वाजवली. झालं! आता नुसती जुळणी राहिली!

"आता गाडी चालवणाऱ्या बाईंना बघू," हेड म्हणालं.

मिस्त्रींनी स्टूल पुढे सरकवलं. हौसाताई पदर सारखा करून बसल्या.

"काय करता?"

"मोटार ट्रेनिंग स्कूल होतं माझं. तीस वर्षं."

"घाटात क्लचवर पाय ठेवता?"

तीस वर्षं हौसाताई शिकणाऱ्यांवर ओरडल्या होत्या, क्लचवरचा पाय काढा म्हणून. खोटं बोलायला एक क्षण पुरला असता.

"ठेवते," त्या म्हणाल्या. "वळणावर भीती वाटते मला. कुणाला सांगितलं न्हाई आजवर."

मिस्त्री बशीतला शेवटचा शेंगदाणा शोधत राहिले.

"बरं," हेड म्हणालं. "घरात बोलून कळवतो."

हौसाताईंना लग्नाआधी चार घरांनी असंच 'कळवतो' म्हटलं होतं, आणि एकानंही कळवलं नव्हतं. रिकामा डबा घेऊन त्या घरी आल्या. रात्री जेवण गेलं नाही. शनिवारी दिवसभर त्या अंगणातच खुर्ची टाकून बसल्या.

चार वाजता त्यांचीच गाडी फाटकाशी येऊन थांबली. चालवत होते मिस्त्री. इंजिन इतकं गोड चालत होतं, की कुंपणावरचं मांजरसुद्धा उठलं नाही. मिस्त्री पेढ्यांचा पुडा घेऊन धावतच आत आले.

"ताई, पसंत हाय! हेड म्हणतंय, खरं बोलणारी माणसं मिळत न्हाईत आता. वळणावर दोघं मिळून बघू म्हणतंय!"

हौसाताईंचे डोळे भरून आले. अंगणात गरगर फिरावंसं वाटलं. पण त्यांनी पेढा घेतला, सावकाश खाल्ला, आणि पुन्हा खुर्चीत बसल्या.

"त्यांना म्हणावं, निरोप पोचला," त्या म्हणाल्या. "मी विचार करून कळवते."

मिस्त्री निरोप सांगायला फाटकाकडे गेले. बॉनेटखाली इंजिनाचा आवाज जरासा खाली आला. हौसाताईंनी घड्याळात बघून बरोबर पाच मिनिटं विचार केला आणि मग नणंदेला फोन लावला.

"वन्सं, उद्या ट्रॅक्टर नको. सकाळी सातला तयार राहा, शेजारच्या सीटवर बसायचंय तुम्हाला."