मेंढरांचे दोष

आपल्याच दुकानाची निंदा ऐकायला मी दरवर्षी दिगंबररावांना मुद्दाम बोलावतो आणि वर चहाही पाजतो. जुन्या जालन्यात माझं कापडाचं दुकान आहे आणि दिगंबरराव विम्याचे ब्रोकर. आग, चोरी, गाडी, गोदाम, सगळ्याचे विमे उतरवून देतात. पॉलिसी संपत आली की येतात आणि मुलगी बघायला आलेल्या खाष्ट सासूसारखे दुकानभर फिरतात.

"वायरिंग जुनी. माळ्यावर रद्दी. मागच्या दाराची कडी नुसती नावाला. हे समदं कंपनीला कळवतो."

"अहो, तुम्ही माझे की कंपनीचे?"

"तुमचाच. एजंट कंपनीचा असतो, ब्रोकर गिऱ्हाइकाचा. कायदाच हाय तसा. म्हणून तर सांगून राह्यलो, लपवू नका. आज लपवलं की उद्या दावा बुडला, अन् मंग तुम्ही माझ्या नावानं खडे फोडणार."

'लपवू नका' हा त्यांचा रामराम. पुढे एकदा खरोखरच ठिणगी पडली आणि साड्यांचे गठ्ठे जळाले. कंपनीच्या माणसानं जुन्या वायरिंगवर बोट ठेवलं, तेव्हा दिगंबरराव शांतपणे म्हणाले, "हे आम्ही आधीच कळवेल हाय, साहेब. बराबर वाचा." दावा मंजूर झाला. तेव्हापासून मी निंदा निमूट ऐकतो.

ही खोड धंद्यापुरती असती तर ठीक होतं. पण स्वतःची स्कूटर विकायला काढली, तेव्हा घ्यायला आलेल्या माणसाला त्यांनी तिची एवढी दुखणी सांगितली, की तो स्कूटर न घेता गेला आणि जाताना दया येऊन दिगंबररावांना आपल्या गाडीवरून घरी सोडून गेला. चुलतभावाच्या मुलाच्या सोयरिकीत 'पोरगा घोरतो' असं त्यांनी पाहुण्यांना आपण होऊन सांगितलं. आता नातेवाईक त्यांना थेट अक्षता टाकायलाच बोलावतात.

असा हा पक्का माणूस एकाच गोष्टीनं विरघळायचा. रस्त्यानं मेंढरांचा कळप निघाला की बोलणं अर्धवट टाकून दारात जाऊन उभा राहायचा. समोर गिरणीचा मालक बसलेला असो नाहीतर बँकेचा साहेब, शेवटचं मेंढरू दिसेनासं होईपर्यंत हा काही वळायचा नाही. परत येऊन बसला तरी पुढची दोन वाक्यं हमखास चुकायची.

त्यांचं घराणंच मेंढपाळांचं, वाटूरकडचं. दोन भावांतल्या एकाला शाळेत घालायचं ठरलं, तेव्हा वडिलांनी धाकट्याला घातलं. का, तर त्याच्या हातात काठी शोभत नव्हती. थोरले सोपानदादा मेंढरांमागे गेले आणि धाकटे दिगंबरराव परीक्षा देऊन लायसनवाले ब्रोकर झाले. लोक म्हणतात, नशीब काढलं.

गेल्या महिन्यात ते दुकानात आले, पण वायरिंगकडे बघितलंसुद्धा नाही. "शेठ, गाडी काढता का? दादा मेंढरं विकून राह्यलाय. सगळीच्या सगळी. गुडघे गेले त्याचे, अन् पोरं कंपनीत लागली."

वाटेत मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुम्ही काढला होता का हो त्या मेंढरांचा विमा?"

"दादाच्या नावानं काढेल हाय. माझ्या नावानं निघत न्हाई. ज्याचं नुकसान होतं, त्यालाच विमा काढता येतो. मेंढरं दादाची. ती गेली तर कायद्यानं माझं काहीच जात न्हाई." मग ते खिडकीबाहेर बघत बसले. मला उगीच विचारलं असं झालं.

रानात पोचलो तेव्हा व्यापारी आलेला होता आणि सौदा जुळत आला होता. दिगंबरराव बूट चिखलात बुडवत थेट मध्ये जाऊन उभे राहिले. "थांबा. घेणाऱ्याला समदं ठाऊक पाहिजे. ही पुढची लंगडते. त्या दोघींना खोकला हाय. तो काळा नर अंगावर येतो. अन् ह्या अर्ध्या तर गाभणच राहत न्हाईत."

व्यापाऱ्यानं दादांकडे बघितलं. दादा नुसते भावाकडे बघत राहिले. "सख्खा भाऊच असं म्हणतो, तर मंग राहू द्या," असं म्हणत व्यापाऱ्यानं टेम्पो वळवला.

मी कपाळाला हात लावला. या माणसाच्या खरेपणानं आज सख्ख्या भावाचं नुकसान केलं होतं.

"दिग्या," दादा म्हणाले, "लंगडी कोणती रे?"

दिगंबरराव बुटाचा चिखल झटकू लागले. मी बघितलं. पुढची मेंढी बांधावरून टुणकन उडी मारून गेली. कोणी खोकत नव्हतं. काळा नर लेकरासारखा दादांच्या धोतराला अंग घासत होता, आणि कळपात जिकडे तिकडे कोकरं होती. उभ्या आयुष्यात लपवाछपवी न केलेला माणूस माझ्यादेखत धडधडीत खोटं बोलला होता.

"इकू नको, दादा," ते कसंबसं म्हणाले. "मी येत जातो रविवारी."

"रविवारच्या रविवारी मेंढरं राखता येतात व्हय, येड्या?" दादा चिडले नव्हते. "उद्या त्याला बोलावून खरं सांगावंच लागंल मला. गुडघे न्हाई ऐकत रे." मग त्यांनी हातातली काठी भावापुढे धरली. "आज सांजंपर्यंत राख तू. जाय."

शर्टाच्या खिशाला पेन लावलेले दिगंबरराव काठी घेऊन कळपाच्या मागे गेले. त्यांनी जीभ टाळूला लावून लहानपणीची हाक दिली, "हुर्रऽऽ". एकही मेंढी वळली नाही. मेंढरांना हा आवाज ठाऊकच नव्हता. दिगंबररावांनी डोळे पुसले आणि पुन्हा हाक दिली.