टेकवाडीला नापास करा

टेकवाडीला शंभरपैकी शहाण्णव गुण पडले आणि ते बघून बुद्धभूषणने कपाळावर हात मारून घेतला.

चांदवडच्या पुढे आत असलेल्या या गावात एका संस्थेमार्फत लोकसहभागातून पाणीयोजना झाली होती. बोअर, मोटार, चौकात टाकी, टाकीला चार नळ आणि या सगळ्यावर बायकांची समिती. चार महिन्यांपूर्वी मोटार जळाली. तेव्हापासून बायका दीड किलोमीटरवरच्या नाथाच्या मळ्यातून डोक्यावर पाणी आणत होत्या. नवी मोटार मिळायला एकच वाट होती. संस्थेच्या मूल्यमापनात साठाच्या खाली गुण पडलेली गावंच दुरुस्तीच्या यादीत जात. म्हणजे टेकवाडी नापास होणं अत्यंत गरजेचं होतं. बुद्धभूषण संस्थेचा मूल्यमापक. बायका टॅबवर उत्तरं देत असताना त्याने नियमाप्रमाणे पाठ फिरवली होती. तिथेच चुकलं.

त्याने समितीच्या अध्यक्ष कुसाबाईंना फोन लावला.

"कुसामावशी, पाण्याबद्दल समाधानी आहात का, या प्रश्नाला सगळ्यांनी हसरं तोंड कसं दाबलं?"

"मंग कोणतं दाबायचं व्हतं?"

"रडकं! पाच तोंडं होती ना? त्यातलं शेवटचं!"

"आता गं बाई! सकाळच्या पारी रडक्या तोंडाला हात लावायचा? शकुबाईच्या सुनेला सातवा महिना हाय. आन् तू एवढ्या उन्हाचा नाशिकरोडवरून गाडीवर आला. तुझ्या मशिनीत रडकं तोंड घालून तुला माघारी लावायचं का? आम्ही काय माणसं नाय?"

बुद्धभूषण तडक योगिनी मॅडमकडे गेला. कार्यक्रमाच्या प्रमुख त्याच होत्या.

"मॅडम, टेकवाडीची फेरतपासणी हवी. गुण फार पडलेत."

"कमी पडले म्हणून रडणारे मी पुष्कळ पाहिले," मॅडम म्हणाल्या. "जास्त पडले म्हणून रडणारे तुम्ही पहिलेच."

"पण तिथे पाणीच नाहीये, मॅडम!"

"असं तुम्ही म्हणता. समुदाय तसं म्हणत नाहीये. आपण समुदायाचं ऐकायचं की तुमचं?"

तरी त्यांनी फेरतपासणी मंजूर केली. एकाच माणसाने दोनदा जायचं नाही असा नियम असल्यामुळे या वेळी त्याची सहकारी हर्षाली जाणार होती. बुद्धभूषणने कुसाबाईंना पुन्हा फोन केला आणि शाळेत शिकवावं तसं शिकवलं. तोंडांचं राहू द्या, बाई आल्या की फक्त नळ उघडून दाखवा. बाकी त्या समजून घेतील.

संध्याकाळी हर्षाली परत आली ती खुशीत.

"अरे, काय गाव आहे ते! चारही नळांना धो धो पाणी. आणि श्रमदान तर विचारूच नकोस. मी पोचले तेव्हा पस्तीसेक बायका रांगेने हंडे घेऊन चालल्या होत्या. मी श्रमदानाचे पूर्ण गुण देऊन टाकले. अठ्ठ्याण्णव!"

बुद्धभूषणने लगेच फोन लावला. कुसाबाई दमलेल्या आवाजात बोलल्या.

"तूच तर म्हणला, नळ उघडून दाखवा. कोरडा नळ कसा दाखवायचा पाव्हण्याला? गावाला काय लाज हाय का नाय? पहाटपासून टाकी भरत व्हतो. माझी तर मान धरली बघ."

बुद्धभूषणला खरोखर रडू यायला लागलं. आपण या गावाचं भलं करायला निघालो आणि आपल्यामुळे पस्तीस बायकांनी नळाला पाणी पाजलं, हे त्याला सहन होईना. त्या दिवशी तो जेवला नाही. त्याने काही उपयोग झाला नाही, पण जेवणं शक्यही नव्हतं.

आता शेवटचा उपाय उरला होता. गुण पक्के होण्यापूर्वी नाशिकच्या ऑफिसात समित्यांची आढावा बैठक असते. तो या वेळी गावात जाऊन बसला आणि कुसाबाईंपुढे अक्षरशः हात जोडले. "मावशी, तिथे तुम्ही पाव्हण्या. लाजायचं त्यांनी. तुम्ही फक्त खरं बोला. नाहीतर मोटार कायमची गेली."

कुसाबाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "तिथं आम्ही पाव्हण्या व्हय? मंग बोलते."

आणि बोलल्या. अकरा बायकांना एसटीने घेऊन आल्या, बैठकीत उभ्या राहिल्या आणि पदर खोचून सुरू झाल्या. "चार महिने झाले, मोटार जळाली. तुम्ही तीन डाव आमचे फोटो काढून नेले, पण बोअरपाशी एक जण गेला नाय. तुमच्या कागदावर हजार सवाल, पर नळाला पाणी येतं का, येवढा येकच नाय. त्या बाईला दाखवलेलं पाणी आम्ही डोक्यावर वाहिलं व्हतं. आमची मोटार द्या, नाय तर हे हसायचं-रडायचं बंद करा!"

कोपऱ्यात बुद्धभूषणच्या डोळ्यांत पाणी आलं. चार महिन्यांत प्रथमच त्याला वाटलं की जमलं.

योगिनी मॅडमच्याही डोळ्यांत पाणी होतं. त्या उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या. मग सगळेच वाजवू लागले.

"हेच!" मॅडम म्हणाल्या. "हेच आपल्याला हवं होतं! एक ग्रामीण महिला अधिकाऱ्यांना तोंडावर जाब विचारते. हर्षाली, सक्षमीकरणाचे दोन गुण का कापले होतेस?"

"या कुणी काही बोलल्याच नव्हत्या, मॅडम."

"मग आता दे ते दोन. शंभर! टेकवाडी आजपासून सक्षम गाव. आपण तिथून सन्मानाने बाहेर पडतोय."

"मॅडम, मोटार?" बुद्धभूषणने विचारलं.

"अहो, सक्षम गावाला मोटार देणं म्हणजे त्यांचा अपमान आहे. त्या आता स्वतः करतील."

कुसाबाईंच्या हातात प्रमाणपत्र आणि गुलाबाचं फूल आलं. त्यांना काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्या उठल्या. बाहेर येऊन त्यांनी पिशवीतून रिकामी बाटली काढली आणि व्हरांड्यातल्या पाण्याच्या जारखाली धरली. मागे बाकीच्या बायका आपापल्या बाटल्या घेऊन उभ्या राहिल्या. सातव्या बाटलीला जार संपला.

मॅडम दारातून बघत होत्या. "अरेरे, पाणी संपलं का? थांबा हं." त्यांनी फोन लावला. "हॅलो, दुसरा जार पाठवा. लगेच."

सहा मिनिटांत जार आला. माणसाने तो खांद्यावरून उतरवला, बसवला आणि निघून गेला.

कुसाबाई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हलक्या आवाजात बुद्धभूषणला विचारलं, "भाऊ, ह्या हापिसाला किती मार्क पडले व्हते रे?"