दिवाल्याचा ढोल

"मन्हा डुकरेस्ले राखनदार लागत नही!" दिवाल्या चारचौघांत छाती फुगवून सांगायचा. आणि ते खोटंही नव्हतं! सगळी दुनिया डुकरं हाकलायला ढोल बडवते, पण या पठ्ठ्याची डुकरं ढोल ऐकून धावत यायची. दिवसभर ती नाल्याकाठच्या कुरणात गवत खात, कंद उकरत हिंडायची. संध्याकाळी दिवाल्या बांधावर ढोल वाजवायचा आणि आलेल्यांपुढे उकडलेली मोहाची फुलं टाकायचा.

बायको कमलीबाई म्हणाली, "जमनाना बाप, ढोल कसाले? ढोल तं कोनी बी वाजाडस. थाळी वाजाडा ना!"

"थाळी? डुकरेस्नी पंगत बसाडनी शे का माले?"

उन्हाळ्यात एकुलत्या एका लेकीचं, जमनाचं लग्न ठरलं. नवऱ्याचा बाप इंद्रसिंग तापीपलीकडचा, महातापट. आधीची एक सोयरीक त्यानं पाणी गार मिळालं नाही म्हणून मोडली होती! त्यामुळे दिवाल्यानं माठ तेवढे बघितले. डुकरं कुरणातच राहिली.

तेव्हा नदीवर पूल नव्हता. वऱ्हाड नावेतून उतरलं, कुरणाच्या वाटेला लागलं आणि ढोल घुमला.

डुकरांनी कान टवकारले. आज जेवण लवकर! अख्खा कळप वऱ्हाडावर धावून आला.

"रानडुकरे!" इंद्रसिंग ओरडला. "वाजाडा रे ढोल! जोरमा वाजाडा!"

ढोल जोरात वाजला. डुकरंही जोरात धावली! नवरदेव बाभळीवर चढला, फेटा खालीच राहिला. बायका परत नावेत. ढोलवाल्यानं थांबावं तर इंद्रसिंग खेकसे, वाजवावं तर डुकरं अंगावर येत!

दिवाल्या धापा टाकत पोचला. पाहतो तर काय, आपलीच डुकरं!

"कोना डुकरे शेतस ई?" इंद्रसिंगनं विचारलं.

कबूल करावं तर व्याही लग्न मोडणार. "माले काय मालूम, याही! रानना व्हतीन!"

"मंग काढा रे तीरकामठा! आज मटन व्हयनं!"

इंद्रसिंगनं नेम धरला तो नेमका दिवाल्याच्या लाडक्या गाभण डुकरिणीवर. लेक की डुकरीण? लेकच! काळजावर दगड ठेवून दिवाल्यानं डोळे मिटले.

डुकरीण तुरुतुरु त्याच्याकडे आली. त्याचा पंचा हुंगला, मोह काही मिळेना, तेव्हा त्याच्या पायांवर डोकं टेकून आडवी झाली.

इंद्रसिंगचा बाण तसाच राहिला. "याही, रानडुकरे बी तुमना पाया पडतस का?" असं म्हणून तो जो हसत सुटला, तो खाली बसेपर्यंत! झाडावरून नवरदेवही हसला. तेव्हा कुठं दिवाल्याच्या जिवात जीव आला.

लग्न लागलं. व्याह्याची अट एकच, ढोल नको! मग नाचायचं कशावर? कमलीबाईनं थाळी काढली. तिच्या ठणठणाटावर सगळं गाव नाचलं, आणि डुकरं परत उधळू नयेत म्हणून दिवाल्या त्यांच्यापुढे पाट्या भरभरून मोह ओतत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो जेवायला बसला. कमलीबाईनं थाळी मांडली, ती जमिनीवर खणकन वाजली. बाहेर खुरं वाजली, धूळ उडाली.

दाराकडे बघत कमलीबाई म्हणाली, "जरासा सरका. तुमनी पंगत उनी!"