डाव्या पायाला आवतण

केरबामामा माणसाचं वय कधी विचारत नसे. दात बघायचा. समोरचा हसला की वाकून त्याच्या तोंडात डोकावणार आणि निकाल देणार, "चौदाती हाय." म्हणजे कोवळा. "सहादाती" म्हणजे कामाला जुंपायला हरकत नाही. सगळे दात भरलेला, पुरता तयार, तो "जुळला". ही बैलबाजारातली बोली. मामानं जन्मभर बैलच पाहिले, मग माणसं तरी तो दुसऱ्या कोणत्या मापानं मोजणार? गावात नवीन ग्रामसेवक आला तेव्हा मामानं त्याला भर पारावर "साहेब, हसा बरं जरा" म्हणून हसवलं आणि जाहीर केलं, "औंदा न्हाई. पुढल्या साली जुळल."

आमचं गाव पालमकडचं. रान कोरडवाहू. मी शाळेत असतानाच बाबा वारले. दिवाळी झाली की घराला कुलूप लागायचं आणि आमचं चूल-बोचकं ऊसतोडीला निघायचं. तोडीच्या टोळीत जोडीला कोयता म्हणतात. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळी बांधायची. एकट्या माणसाला मुकादम विचारत नाही. बाबा गेल्यावर मायची जोडी मोडली. तेव्हा तिचा धाकटा भाऊ, म्हणजे हा केरबामामा, आपले दोन बैल घेऊन आमच्या दारात उभा राहिला आणि इथलाच झाला. लग्न त्यानं केलं नाही. कुणी विषय काढला तर म्हणायचा, "एका जुवात तिसरा बैल बसत न्हाई." लोक हसायचे, विषय संपायचा.

मी परभणीला कॉलेजात होते. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. शेवटच्या वर्षात जायच्या आधीच्या हंगामात ते झालं. शेजारच्या तोडकऱ्याचा कोयता निसटला आणि मामाच्या डाव्या टाचेमागं बसला. खोपीत हळद भरली, फडकं बांधलं. जखम बुजली, पण टाच काही उचलेना. पाय भुईवरून ओढत चालायचा.

मामाकडं उपाय तयार होता. लंगड्या बैलाला डाग देतात, तसा स्वतःच्या पायाला द्यायचा. घरी आल्या आल्या त्यानं चुलीत सळई तापत घातली. मायनं ती ओढून शेणाच्या पाटीत खुपसली.

"तू काय बैल हायस का रं मुडद्या?"

"बैल असतो तर अक्का, तू कवाच इकला असतास."

शेवटी परभणीच्या दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरांनी टाचेमागं दाबून पाहिलं आणि सांगितलं, "जाड शीर तुटली आहे. ऑपरेशन करून जोडावी लागेल."

"डाक्टरसाहेब, जरा हसा बरं."

डॉक्टर गोंधळून हसले. मामा माझ्या कानाशी आला. "सहादाती हाय. शिवल, पण लय घाई करल."

त्यांनी शिवलं, घाई न करता. गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घातलं आणि बजावलं, की डावा पाय टेकवायचा नाही, कुबड्या घेऊन उजव्यावर रोज हिंडायचं.

मामा घरी येऊन बाजेवर पडला तो उठेचना. कुबड्या खुंटीला. मी म्हटलं, "मामा, उजव्यावर हिंडायला सांगितलंय."

"बाई, तुला शेतीतलं काय कळतंय! जोडीतला एक बसला तर दुसऱ्याला एकट्याला जुंपू न्हाई. खोड लागती त्याला."

असा उजवा पायही रजेवर गेला. प्लॅस्टर काढायला परत गेलो तर दोन्ही पाय वाळून शेवग्याच्या शेंगा झालेले. डॉक्टर एकदा या पायाकडं बघत, एकदा त्या.

"ऑपरेशन डाव्याचं केलं होतं ना? मग उजव्याला काय झालं?"

"त्यालाबी सुट्टी दिली, साहेब."

डॉक्टर या खेपेला हसले नाहीत. "असंच पडून राहिलात तर कोयता विसरा."

येताना एसटी अर्ध्या वाटेत थांबली. विद्यापीठाचं नाव बदलण्यावरून बंद होता, पुढचा रस्ता अडवला होता. गाडीतले लोक तावातावानं बोलत होते. एरवी मामानं दोन्ही बाजूंचे दात पाहिले असते. आज तो उठला, कुबड्या काखेत घातल्या, खाली उतरला आणि गाडी हलेपर्यंत सडकेच्या कडेनं येरझाऱ्या घालत राहिला.

त्या दिवशी भाकरी थापता थापता माय म्हणाली, "शांते, दिवाळीपस्तोर केरबाचा पाय न्हाई आला तर तुला यावं लागल तोडीला. जोडीबिगर मुकादम उभं करत न्हाई." तिचंही चुकत नव्हतं. कॉलेज सुटणार, एवढं मला कळलं. मामा दोरखंड वळत बसला होता. त्यानं मानसुद्धा वर केली नाही.

पण दुसऱ्या दिवसापासून पाय वळणीला लागले. नव्या गोऱ्ह्याला आधी नुसतं जू देतात, मग ओंडकं, मग रिकामी गाडी, मग भरलेली. मामानंही आधी कुबड्या, मग एक काठी, मग भिंत असा क्रम लावला. डॉक्टरांनी उंच कडेवर चवडे टेकून टाचा वरखाली करायला सांगितल्या होत्या. मामानं त्यासाठी घराचा उंबरा धरला. माय कावली, "उंबऱ्यावर उभा ऱ्हातो का? लक्ष्मी यायची कुठून?"

"तिला म्हनाव, औंदा मागच्या दारानं ये."

आणि लगेच डाव्या पायाला, "हां, चल माज्या राजा! ऱ्हायलास काऊन?" घाम निथळायचा, दात आवळलेले असायचे, पण थांबायचा नाही. येणारे-जाणारे टोमणे मारत. "केरबा, पायाला येसन घातली का न्हाई?"

"गरज न्हाई. शाना हाय, तुज्यावानी उंडगा न्हाई."

एवढा आटापिटा कशासाठी, हे गावाला ठाऊक होतं. पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून आपले बैल आपणच न्यायचे, ही मामाची एकच मिरवायची जागा. तोही तसंच सांगायचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी सुट्टीला घरी आले. दिवस कलताना बैलांची खांदेमळणी करतात. हळद-तुपानं खांदे चोळायचे आणि त्यांना जेवणाचं आमंत्रण द्यायचं. मी निरांजन घेऊन गोठ्याकडं गेले. मामाचं बैलांना चोळून झालं होतं. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," असं त्यानं दोघांच्याही कानात सांगितलं. मग दगडावर बसला, धोतर वर सारलं आणि वाटीत उरलेलं हळद-तूप टाचेमागच्या व्रणाला चोळायला लागला. मला हसू फुटलं. हाक मारणार, तोच तो पायाशी बोलला.

"आज आवतण घे, उद्या जेवायला ये. तोरनाचं मरू दे, त्ये न्हाई दावलंस तरी चालल. दिवाळीला तेवढा दगा दिऊ नगंस. पोरगी चौदाती हाय रं अजून. तिच्या मानंवर जू ठिवायचं न्हाई."

त्यानं वाटी निपटून शेवटचं तूपही व्रणाला लावलं. मग हळूच म्हणाला, "मला तरी कोन हाय दुसरं?"

मी दोन पावलं मागं गेले आणि खोकून पुन्हा आले. मामा घाईघाईनं धोतर सारत ओरडला, "निरंजन आनायला परभनीला गेलतीस का?"

दुसऱ्या दिवशी त्यानं तोरणाखालून बैल नेले, जरा लंगडत. जेवताना पुरणपोळी वाढून घेतच राहिला. माय म्हणाली, "बास कर की!"

"ही मपली न्हाई. डाव्याची हाय. आवतण दिलंय त्याला."

दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा मामा कुणाचा हात न धरता गाडीत चढला. त्या साली कोयता माय आणि मामाचाच लागला. मी परभणीला परत गेले.

उन्हाळ्यात निकाल घेऊन घरी आले. मामानं मला दारात थांबवलं. "हस बरं." हसता हसता मला रडू आलं, तरी त्यानं नीट वाकून दात पाहिले.

"जुळली," म्हणाला, आणि वैरण टाकायला गोठ्यात निघून गेला.

मामाचा पाय चालला. मी बी.ए. झाले.